निम्म्या-निम्म्याचा नीलमोहर

दोन सख्खे भाऊ, दोघेही सुतार, एका पलंगावरून भांडले आणि बोलायचे बंद झाले. पलंगाचा गुन्हा एवढाच, की तो गिऱ्हाइकाच्या जिन्यातून वर गेला नाही. थोरला म्हणे, जिन्याचं माप छोटूनं घेतलं. छोटू म्हणे, पलंगाचं माप दादानं घेतलं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही मापं बरोबर होती. फक्त ती शेजारी शेजारी ठेवून बघायची अक्कल दोघांनाही झाली नाही. पलंग रस्त्यावर राहिला, गिऱ्हाईक शिव्या घालून गेलं, आणि एका कारखान्याचे दोन झाले. मग एका आवाराचीही दोन झाली. छोटूनं पलीकडे नवं घर बांधलं आणि मध्ये भिंत घालायचं ठरलं. छोटू हे नाव लहानपणचं. आता डोक्यावर एक केस नाही, उठता-बसता गुडघे वाजतात, तरी तो छोटूच.

भिंत निम्मी झाली आणि गवंडी थांबला. नेमका हद्दीच्या रेषेवर नीलमोहर उभा. झाड दोघांनाही स्वतःचं वाटत होतं आणि दुसऱ्यानं त्याला हात लावलेला दोघांनाही चालणार नव्हता. शेवटी मामांना बोलावलं. मामा दोन्ही घरी पोटभर जेवले, एक झोप काढली आणि निवाडा दिला. झाड उभं आहे तोवर त्याच्या दोन्ही अंगांना माणूस जाईल एवढी जागा सोडा, झाड पडलं की भिंत पुरी करा, आणि या घरच्यांनी त्या आवारात पाऊल टाकायचं नाही, त्या घरच्यांनी या आवारात टाकायचं नाही. एवढं बोलून मामा गेले. आग लावायची आणि वेळेवर गाडी पकडायची, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

बोलायचं नाही, असं मात्र मामा म्हणाले नाहीत. बायका एकमेकींशी बोलतील, ही शक्यता त्या तिघा शहाण्यांच्या डोक्यातच आली नाही.

छोटूची बायको दातांची डॉक्टर. सगळी गल्ली तिला डॉक्टरीण म्हणायची, आणि थोरल्याची बायको, म्हणजे तिची जाऊ, तिला ‘दातवाले’ म्हणून हाक मारायची. डॉक्टरीण तिला वहिनी म्हणायची. सकाळचा दवाखाना संपला की संध्याकाळचा उघडेपर्यंत डॉक्टरीण नीलमोहराच्या अलीकडे स्टूल टाकून बसे आणि पलीकडे वहिनी वेताच्या खुर्चीत. वहिनीचे गुडघे कामातून गेले होते. घराच्या पुढच्या पायऱ्या उतरायच्या म्हणजे तिला संकट वाटायचं, म्हणून ती उतरतच नसे. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवरा घरात असला तरी नसल्यासारखा. दिवसभरात तिच्याशी माणसासारखं बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते झाडाच्या पलीकडे बसायचं.

डॉक्टरिणीचंही तसंच. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. लग्नानंतर शेवटच्या वर्षाची परीक्षा द्यायची की नाही, असा प्रश्न आला तेव्हा तान्हं पोर काखेत होतं. वहिनीनं ते काढून घेतलं. ‘तू जा, दात शीक. हे बोळकं मी सांभाळते,’ म्हणाली. त्या दिवसापासून डॉक्टरिणीचं या बाईवर जीवापाड प्रेम होतं. नवऱ्यावरही होतं, नाही असं नाही. पण तुलना कराल तर छोटूला वाईट वाटेल.

आता झाडाचं ऐका. एका कडक उन्हाळ्यात थोरल्यानं कारखान्यातल्या लाकडाच्या ढलप्या आणून नीलमोहराच्या बुंध्याभोवती पसरल्या. काम चांगलं होतं. जमिनीत ओल राहिली, तण उगवलं नाही, झाडाला बरं वाटलं. पण पठ्ठ्यानं त्या हद्दीपर्यंतच पसरल्या. रेषेपलीकडे ढलपीचा एक तुकडा जाऊ दिला नाही. छोटूनं सकाळी ते अर्धं वर्तुळ पाहिलं आणि त्याला वाटलं, हा आपल्याला टोमणा आहे. संध्याकाळी तो रोपवाटिकेतून लाल रंग दिलेल्या सालींची पोती घेऊन आला आणि आपल्या अर्ध्यात ओतली. दादाच्या ढलप्यांपेक्षा जराशी उंच.

बस्स. दर सुट्टीच्या दिवशी तोच उद्योग. थोरला घमेलंभर टाकायचा, छोटू पोतंभर टाकायचा. पसरण्याचं नाव नाही, कारण पसरलं की उंची जाते. सगळं खोडाला टेकवायचं, फावड्यानं थोपटायचं, कडा तासल्यासारख्या करायच्या. हातात कला होतीच, ती इथे कामी आली. ढीग घोट्याएवढा होता तो गुडघ्याएवढा झाला, मग कमरेपर्यंत गेला. एका बाजूनं पांढुरका, दुसऱ्या बाजूनं लालभडक. बाजूच्या गल्लीतून जाणारी माणसं थांबून फोटो काढायची आणि ‘किती जीव लावतात हो झाडाला!’ म्हणायची. ते ऐकलं की दोघांचीही छाती फुगायची, आणि पुढच्या सुट्टीला अजून एक थर पडायचा.

झाडाच्या दोन्ही अंगांची वाट त्या ढिगाखाली कधीच गेली. दोघी जावा बसल्या की डॉक्टरिणीला पलीकडे फक्त वहिनीचा अंबाडा दिसायचा. त्या अंबाड्याशी ती बोलायची.

‘वहिनी, जेवलीस का?’

‘जेवले गं. तू दिसत नाहीस, ताठ बसून बोल.’

‘ताठच बसले आहे.’

‘मग हा मेला डोंगर वाढला म्हणायचा.’

डोंगर वाढला आणि झाड खंगायला लागलं. पानं बारकी झाली, पिवळी पडली. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्या. फुलायच्या दिवसांत सगळी गल्ली जांभळी व्हायची, त्या दिवसांत दोन डहाळ्यांवर नावापुरती फुलं आली. दोन्ही भावांनी निदान केलं, आणि तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं. झाडाला कमी पडतंय. आणखी टाका!

आणि एका सकाळी डॉक्टरिणीनं पाहिलं, तर त्यांच्या आवारात भिंतीला टेकून विटा रचलेल्या.

‘या कशाला?’ तिनं नवऱ्याला विचारलं.

‘झाड काही राहत नाही आता,’ छोटू दाढी करता करता म्हणाला. ‘पडलं की भिंत पुरी करायची आहे. ऐनवेळी धावपळ नको. पलीकडे दादानं कालच आणल्यात.’

डॉक्टरिणीनं मनातल्या मनात हिशोब केला. झाड गेलं की वाट गेली, वाट गेली की वहिनी गेली. दोन घरांची तोंडं दोन वेगळ्या रस्त्यांना, वहिनीला पायऱ्या उतरवत नाहीत, आणि उतरल्या तरी पलीकडे पाऊल टाकायचं नाही, हा मामांचा निवाडा. त्या चार फुटांच्या फटीत तिचं माहेर होतं, आणि नवरा गालाला फेस लावून तिथे विटा लावायच्या गोष्टी करत होता.

त्याच सकाळी दवाखान्यात नगरपालिकेच्या उद्यान खात्यातल्या अधिकारी बाई आल्या. खालच्या दाढेत खड्डा होता. डॉक्टरिणीनं त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, थुंकी ओढायची नळी लावली, आणि मग तिला सुचलं की झाडांबद्दल विचारायला याहून योग्य माणूस मिळणार नाही. तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, ‘आं आं ऑ.’

‘म्हणजे कमरेपर्यंत ढीग आहे,’ डॉक्टरीण ड्रिल चालवत सांगत राहिली, ‘अगदी खोडाला चिकटवून.’

बाईंनी डोळे मोठे केले. भुलीचं इंजेक्शन उतरलं की काय म्हणून डॉक्टरीण थांबली, तर बाईंनी स्वतःच नळी काढली, कापूस थुंकला आणि उठून बसल्या.

‘कुणी केलं हे? त्या गाढवांची नावं सांगा.’

‘एक माझा नवरा आहे.’

‘असू दे. अहो, झाड खोडानंसुद्धा श्वास घेतं. तुम्ही त्याला कमरेपर्यंत ओल्या गोधडीत गुंडाळून ठेवलंय. साल कुजणार नाही तर काय होणार? आत कीड होते, बुरशी होते. आणि मुळं वेडी होतात, खाली जायची सोडून त्या ढिगातच वर येतात आणि खोडाभोवती गोल गोल फिरतात. एक दिवस फास बसतो.’

‘मग ढलप्या टाकायच्याच नाहीत?’

‘टाकायच्या की! पण चार बोटं जाड. खोडापासून एक वीत जागा मोकळी सोडायची, आणि तिथून पुढे फांद्या जिथवर जातात तिथवर पसरायच्या. आडव्या. डोंगर करायचा नाही. आधी सगळं उकरा, बुंधा जमिनीजवळ रुंद होतो ना, तो दिसेपर्यंत. फास बसलेलं मूळ दिसलं तर कापा. झाड वाचेल की नाही ते मी सांगू शकत नाही. नाही उकरलं तर मरेल, एवढं सांगते. आता माझी दाढ भरा, अर्धवट ठेवलीत.’

डॉक्टरीण घरी आली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. छोटूनं शांतपणे ऐकून घेतलं.

‘बरोबर आहे,’ तो म्हणाला. ‘दादाला सांग आधी काढायला.’

‘तुम्ही आधी का नाही काढत?’

‘म्हणजे माझी बाजू खाली आणि त्याची वर? शोभेल का ते?’

डॉक्टरिणीनं झाडापलीकडे सांगितल्यावर वहिनीनंही नवऱ्याला तेच विचारून पाहिलं. थोरल्याचं उत्तर शब्दाला शब्द तेच. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, अशी ती जोडी.

‘दातवाले,’ अंबाडा म्हणाला, ‘आपणच काढू या.’

दुपारी दोघे भाऊ आपापल्या कारखान्यात गेल्यावर काम सुरू झालं. डॉक्टरीण आपल्या बाजूनं फावडं घेऊन भिडली. वहिनीला वाकता येत नव्हतं, म्हणून ती खुर्ची ढिगाला लावून बसली आणि स्वयंपाकघरातला मोठा डाव घेऊन घमेली भरू लागली. हद्द दोघींनी पाळली. इकडचं लाल इकडे, तिकडचं पांढरं तिकडे. वरचा थर कोरडा होता, पण खाली गेल्यावर आंबूस, उबट वास यायला लागला. ढलप्यांना पांढऱ्या बुरशीची जाळी लागलेली, आणि त्यात किडे सुखानं नांदत होते.

‘शी शी शी,’ वहिनी म्हणाली. ‘तोंड न धुता महिनाभर राहिल्यासारखा वास आहे.’

‘याहून घाण मी रोज बघते,’ डॉक्टरीण म्हणाली, आणि आत जाऊन दवाखान्यातली हत्यारं घेऊन आली. बुंध्याची साल काळी, मऊ पडली होती. हिरडीखालचा मळ काढतात तसं तिनं बारीक आकड्यानं सगळं कुजकं हलकेच खरवडलं. काळं संपलं, तपकिरी संपलं, आणि एका जागी नखाएवढं हिरवं दिसलं. ओलं, ताजं हिरवं.

‘वहिनी! जिवंत आहे!’

‘ओरडू नकोस, मला दिसत नाही. सांग काय ते.’

‘निम्मी साल गेलीये, पण निम्मी आहे. आहे!’ मग डॉक्टरिणीनं जरा बाजूचं उकरलं. मनगटाएवढं जाड एक मूळ थोरल्याच्या बाजूनं निघालं होतं, खोडाला वळसा घालून छोटूच्या बाजूला आलं होतं आणि खोडात रुतलं होतं. फास.

तिनं फावडं मारलं, सुरी चालवली, काही होईना. वहिनीनं नवऱ्याची जुनी पटाशी शोधून आणली आणि खोडाच्या बाजूनं पुढे सरकवली. पण पटाशी धरायचीही अक्कल लागते, आणि ज्यांना ती होती ते दोघे नेमके तेव्हाच घरी आले.

आपापला डोंगर भुईसपाट झालेला पाहून दोघांनाही एकच गोष्ट सुचली, की हे पलीकडच्यांनी केलं.

‘दादाला विचार, आमच्या सालींना हात कुणी लावला!’ छोटू बायकोकडे बघून ओरडला.

‘त्याला सांग, माझ्या ढलप्या उचलायची हिंमत कशी झाली!’ थोरला वहिनीकडे बघून ओरडला.

‘दादाला सांग, भरपाई...’

‘त्याला सांग, आत्ताच्या आत्ता विटा लावतो...’

‘गप्प बसा दोघेही!’ डॉक्टरीण किंचाळली. गल्लीतून जाणारा माणूस थांबला. तिच्या हातात पटाशी, कोपरापर्यंत चिखल, केसांत लाल साली. ‘आम्ही काढलं. मी आणि वहिनीनं. तुमचं झाड गेलं खड्ड्यात! मला झाडाचं काही नाही. तुम्ही ते मारून टाका, विटा लावा, वरून काचा लावा. मला माझी वहिनी पाहिजे. त्या घरात तिच्याशी दिवसभर कुणी बोलत नाही, दादा. तुम्हीसुद्धा नाही. हे झाड पडलं की ती भिंतीशी बोलेल. आणि मी काय करू? माझी आई एकदा गेली. मी दुसऱ्यांदा नाही जाऊ देणार.’

थोरला बायकोकडे बघत राहिला. बऱ्याच दिवसांत त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. वहिनी खुर्चीत डाव मांडीवर ठेवून बसली होती, आणि तिनं मान खाली घातली होती.

मग छोटूनं बायकोच्या हातातली पटाशी घेतली आणि तो मुळाशी बसला. घाव घालायला हातोडी उचलली.

‘थांब,’ थोरला म्हणाला.

इतक्या वर्षांतला भावाशी बोललेला पहिला शब्द. छोटूची हातोडी वरच राहिली.

‘मूळ कापतोयस की खोड सोलतोयस? तिरकी धर. अजून तिरकी. आण इकडे.’

थोरल्यानं आपल्या बाजूनं बसून पटाशी धरली, छोटूनं त्याच्या बाजूनं हातोडी मारली. एकदाही बोटावर बसली नाही. मूळ दोन ठिकाणी तुटलं आणि छोटूनं ते हळूच उचकटून काढलं. खोडावर खोल खाच राहिली होती. थोरल्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला.

‘माझ्याकडून गेलं होतं,’ तो म्हणाला.

‘हो,’ छोटू म्हणाला. ‘लाल साली घालून मीच पोसलं.’

एवढ्यावर गहिवर यायला हरकत नव्हती, पण ते दोघे तसल्या जातीचे नव्हते. ढलप्या पसरायची वेळ आली आणि जुंपली.

‘चार बोटं सांगितलंय,’ डॉक्टरीण म्हणाली.

‘कुणाची चार बोटं?’ थोरल्यानं विचारलं. ‘याच्या या हाताला साडेतीनच आहेत. उरलेलं करवतीनं खाल्लं.’

‘करवत तू चालू केली होतीस!’

‘तू बोट कशाला घातलंस मध्ये?’

‘तू हाक मारलीस म्हणून!’

भांडण इतकं मनापासून चाललं होतं, की दोघे एकमेकांच्या आवारात कधी शिरले हे त्यांना कळलंही नाही. पांढरं आणि लाल मिसळलं. खोडाभोवती वीतभर जागा उघडी राहिली आणि तिथून पुढे दोन्ही बाजूंना, फांद्या जातात तिथवर, सगळं आडवं, सारखं पसरलं. लेव्हल लावून बघणं झालं. लेव्हल चुकीची आहे, यावरही वाद झाला.

वहिनी खुर्चीतून उठली. साडी झटकली, डाव हातात घेतला आणि झाडाच्या बाजूनं, सपाट झालेल्या ढलप्यांवरून पाऊल टाकलं. मग दुसरं.

‘कुठे निघालीस?’ थोरल्यानं विचारलं.

‘चहा टाकायला.’

‘आपलं स्वयंपाकघर इकडे आहे.’

‘ते मला माहीत आहे. तेवढंच माहीत आहे.’

निवाड्याची आठवण दोन्ही भावांना झाली असणार. पण आधी तो बोलू दे, म्हणून दोघेही गप्प राहिले, आणि तोवर ती हद्दीपलीकडे गेलीसुद्धा. डॉक्टरिणीनं धावत येऊन तिचा कोपर धरला. दोघी हळूहळू मागच्या दारानं आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात वहिनी थांबली. तिनं ओट्याकडे पाहिलं, फडताळाकडे पाहिलं, मग उजवीकडे वळून खिडकीकडे बघतच राहिली.

‘काय झालं?’ डॉक्टरिणीनं विचारलं.

‘खिडकी इकडे आहे होय?’ वहिनी म्हणाली. ‘मला वाटायचं डावीकडे आहे. रोज तू उठून आत गेलीस ना, की मी मनातल्या मनात तुझ्या मागे मागे यायचे. तू दिवा लावलास, भांडं ठेवलंस, खिडकी उघडलीस. इतकी वर्षं मी रोज त्या डावीकडच्या कोऱ्या भिंतीत खिडकी उघडतेय की गं.’

डॉक्टरीण तशीच, चिखलाच्या हातांनी, वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली.

‘पुरे,’ वहिनी तिच्या केसांतली लाल साल काढत म्हणाली. ‘साखर कुठे ठेवतेस ते दाखव.’